सहाव्या वर्षाची दाढ

"दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत," ही म्हण आपण म्हाताऱ्यांस उद्देशून योजतों. परंतु दांत जाण्यास म्हातारपणच यावें लागतें असें नाहीं. आमची एक खालची दाढ शाळकरी वयांतच उपटली गेली. ती जागा तशीच रिकामी राहिली. पुढें मागची दाढ त्या जागेकडे कलली व वरची दाढ खालीं उतरली. म्हणून हा विषय आम्ही विद्यार्थ्यांपुढें, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आईबापांपुढें, मांडीत आहों.

मुलाच्या सुमारें ६ व्या वर्षीं, दुधाच्या दांतांच्या मागें, प्रत्येक बाजूस वर व खालीं एकेक मोठी दाढ उगवते. तिच्यासाठीं दुधाचा एकही दांत पडत नाहीं. त्यामुळें पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात, आणि ती किडली तर 'ही पडेल व दुसरी येईल' म्हणून स्वस्थ बसतात. ती दुसरी कधींच येत नाहीं. कारण हीच कायमची दाढ होय.

मोडलेलें हाड सांधतें, जखम भरून येते. परंतु दांताच्या कठीण कवचास एकदां खळगा पडला कीं तो आपोआप भरत नाहीं. तेथें दंतवैद्याचेंच साह्य घ्यावें लागतें. खळगा लहान असेल तर कीड कोरून काढून तेथें दांताच्या रंगाचा मसाला भरतात. बहुधा एका बैठकींत काम होतें. कीड आंतल्या मज्जेपर्यंत पोहोंचली म्हणजे ठणका सुरू होतो. मग 'रूट कॅनाल' करावें लागतें. म्हणजे बिघडलेली मज्जा काढून मुळांतील नळ्या स्वच्छ करावयाच्या, त्या गट्टापर्चा नांवाच्या रबरासारख्या पदार्थानें भरावयाच्या, आणि दाढ फुटूं नये म्हणून तिजवर कॅप बसवावयाची.

दाढ गेलीच, तर काढतां-घालतां येणारी कवळी, शेजारच्या दांतांच्या आधारानें बसविलेला 'ब्रिज', किंवा जबड्यांत रोवलेलें 'इंप्लँट', हे मार्ग उरतात. ब्रिजसाठीं बहुधा शेजारचे चांगले दांतही घासावे लागतात. इंप्लँटची हकीकत मनोरंजक आहे. १९५२ सालीं स्वीडनमध्यें ब्रोनेमार्क नांवाचे संशोधक सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. हाडांत बसविलेलें टायटॅनियमचें उपकरण काढूं लागतां तें निघेना. हाड त्यास घट्ट जडलें होतें! त्यावरून १९६५ सालीं त्यांनीं पहिल्या रोग्याच्या जबड्यांत टायटॅनियमचे स्क्रू बसविले. परंतु वाढत्या जबड्याबरोबर खरे दांत सरकतात, इंप्लँट मात्र जागचें हलत नाहीं. म्हणून जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत तें सहसा बसवीत नाहींत. शाळकरी मुलास हा उत्तम उपायही बहुधा वर्षानुवर्षें दूरच राहतो.

ह्यावरून दिसेल कीं उपाय जितका लवकर, तितका तो सोपा, स्वस्त व कमी दुःखाचा. मुलांनो, सकाळीं व निजण्यापूर्वीं फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासा. तेव्हां मागच्या दाढांस विसरूं नका, आणि येतां-जातां गोड चघळूं नका. आईबापांनो, आज रात्रीं दिव्याजवळ मुलाचें तोंड उघडून पाहा. पुढच्या मधल्या फटीपासून मोजतां सहावी येते ती ही दाढ. तिजवर काळा ठिपका किंवा खळगा दिसला तर ठणक्याची वाट न पाहतां दंतवैद्याकडे जा. देवानें ही देणगी एकदांच दिली आहे. तिचे विश्वासू कारभारी होणें आपल्या हातीं आहे.