शंकरपट नव्हे, वखराची चाल

गेल्या हिवाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा दवाखान्यात आला. एकवीस किलोमीटरच्या पहिल्याच शर्यतीत तो सोळाव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसला आणि उरलेलं अंतर कसंबसं चालत गेला. "डॉक्टरसाहेब, दहापर्यंत त मी सगळ्यायच्या पुढं होतो. मंग पायच काऊन उचलेनात?"

रक्त, ईसीजी, सगळं उत्तम. मी त्याचं घड्याळ मागितलं. पहिला किलोमीटर ४ मिनिटं २० सेकंदांत, पंधरावा ८ मिनिटांत. दुखणं तिथं होतं.

भरतीत मुलांना १,६०० मीटर धावायचं असतं. तिथं जीव तोडूनच पळावं लागतं. लांब पल्ल्याचं गणित वेगळं. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी काही सेकंदांत पट पार करते. वखराला जुंपलेल्या जोडीला मात्र दिवसभर चालायचं असतं. तिला कोणी पहिल्याच तासाला पळवत नाही.

शरीरात हे असं घडतं. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. सावकाश धावताना चरबीही बरंच काम करते. वेग वाढला की साखरेवरचा भार वाढतो. शर्यतीच्या सुरुवातीला गर्दी, ढोल आणि उसळलेलं अ‍ॅड्रेनालिन यांमुळे श्रम जाणवत नाहीत. त्या भरात कोठार उपसलं जातं. बिल येतं ते शेवटच्या पाच किलोमीटरला.

मग धावायचं कसं?

समजा, अर्धमॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर २ तास २० मिनिटांत करायचे आहेत. सरासरी पडते किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंद. पहिले तीन किलोमीटर ६:५० ने धावा. नुकसान जेमतेम ३६ सेकंदांचं. माझ्या पेशंटनं शेवटी त्याच्या कितीतरी पट वेळ घालवला. २०२३ मध्ये शिकागोत धावपटू केल्विन किप्टमनं २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा, म्हणजे जास्त वेगाचा होता.

घड्याळ नसलं तरी अडत नाही. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर दम लागत असेल, तर वेग जास्त आहे. अमरावतीच्या छत्री तलावाच्या रस्त्यावर रविवारी हाच सराव करा. चिखलदऱ्याच्या घाटात तर घड्याळाकडे बघूच नका. चढावर श्वास सपाटीसारखा राहील एवढंच धावा, उतारावर पावलं आखूड टाका. उतारावर लांब ढांगा टाकल्या की मांड्यांचे स्नायू सोलवटून निघतात.

आपलं ऊन

धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन चतुर्थांश उष्णतेतच जाते. म्हणून अमरावती-अकोल्यात फेब्रुवारी लागला की नऊ वाजताच्या उन्हात डिसेंबरचा वेग धरण्याचा हट्ट नको. त्याच वेगाला नाडी जास्त पळते.

शर्यतीआधी दोन-तीन तास पोहे किंवा केळी खा. दीड तासाहून अधिक धावणार असाल, तर वाटेत केळं, गूळ असं थोडं थोडं तोंडात टाका. तहानेप्रमाणे प्या, नुसतं साधं पाणी घटाघट पीत राहिल्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. धावण्याआधी दुखणं मारणाऱ्या गोळ्या घेऊ नका, त्यांचा मार मूत्रपिंडावर बसतो. चाळिशी उलटलेल्यांनी, बीपी-शुगर असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथंच थांबा. धावपटू बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गार करणं आधी, दवाखाना नंतर.

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. चिठ्ठीवर लिहिलं : पहिले तीन किलोमीटर गप्पा मारत. तो अस्वस्थ झाला. "लोकं त पुढं निघून जातीन न जी!"

जाऊ दे, बाबा. सोळाव्या किलोमीटरला त्यातले बरेच भेटतात.