हरितगृहातील भाजी : पाणी आणि मातीची निगा
(इयत्ता सहावी व सातवी : सामान्य विज्ञान आणि गणित)

हेतू : भाजीची प्रत केवळ बियाण्यावर ठरत नाही, पाणी व माती यांवरही ठरते, हे मुलांनी स्वतः पाहून समजून घ्यावे.

पूर्वज्ञान : केळव्याच्या मुलांना वाड्या, पानमळे व विहिरी परिचयाच्या असतात. समुद्रालगतच्या विहिरीतून उन्हाळ्यात बेसुमार उपसा झाला, की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो, खालचे खारे पाणी वर सरकते आणि विहीर मचूळ होते. या अनुभवापासून पाठास आरंभ करावा.

विषयविवेचन : उघड्या वाडीत साचलेले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात. प्लास्टिकने आच्छादलेल्या हरितगृहातील मातीवर मात्र पाऊस पडत नाही. पाण्यातून व खतांतून आलेले क्षार तेथेच साचत राहतात. अशा मातीत ओल असूनही मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते व फळे लहान राहतात. टोमॅटो व ढोबळी मिरचीच्या टोकाशी काळपट डाग पडतो. हा संसर्गजन्य रोग नव्हे; फळास पुरेसे कॅल्शियम न पोचल्याचे ते लक्षण होय. पाणी अनियमित दिल्यासही हा दोष उद्भवतो. कोरड्या पडलेल्या मातीस एकदम भरपूर पाणी दिल्यास टोमॅटो तडकतो. म्हणून रेताड जमिनीत पाणी थोडे थोडे, पण नियमित द्यावे. शेणखताने ओल टिकते. पेंढ्याच्या आच्छादनाने बाष्पीभवन घटते व क्षार पृष्ठभागावर येणे मंदावते.

गणित : समजा, 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम क्षार आहे आणि दर चौरस मीटरला रोज 4 लिटर पाणी दिले जाते. 100 दिवसांत एका चौरस मीटरवर 400 ग्रॅम क्षार येईल. सुमारे 10 गुंठ्यांच्या, म्हणजे 1000 चौरस मीटरच्या हरितगृहात तो 400 किलो, अर्थात 50 किलोची 8 पोती होईल. हे उत्तर मुलांनीच काढावे. शिक्षकांनी सांगू नये.

प्रयोग : तळाला भोके पाडलेल्या तीन डब्यांत सारखीच माती घालून मेथी पेरावी. रोपे उगवल्यावर पहिल्यास गोडे पाणी द्यावे. दुसऱ्या व तिसऱ्यास लिटरला 3 ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्यावे. तिसऱ्यातून आठवड्यातून एकदा भरपूर गोडे पाणी निथळू द्यावे. पानांचा रंग, रोपांची उंची व मातीवर दिसणारा पांढरा थर यांची नोंद तीन आठवडे ठेवावी.

समारोप : 1 मिलिमीटर पाऊस 1000 चौरस मीटरच्या छपरावर पडल्यास 1000 लिटर गोडे पाणी मिळते. जे छप्पर मातीपासून पाऊस अडविते, त्याच्याच पन्हाळीचे पाणी साठविल्यास माती धुता येते. मात्र धुतलेले पाणी निघून जाण्यास चर हवा. ज्यांच्या घरी हरितगृह आहे, त्या मुलांनी पन्हाळीचे पाणी कोठे जाते, ते पाहून यावे व दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे.