सोयाबीनमधील सूत्रकृमी: काय करावे, काय टाळावे

काय करावे

- पीक 35 ते 45 दिवसांचे झाले की शेतात आडवेतिडवे फिरून खुज्या, पिवळट झाडांचे पट्टे शोधा. सूत्रकृमी साऱ्या शेतात सारखे पसरलेले नसतात.
- जमिनीत ओल असूनही दुपारी माना टाकणारी झाडे सर्वांत आधी तपासा.
- झाड खुरप्याने मातीसकट काढा आणि मुळे बादलीतल्या पाण्यात हलक्या हाताने धुवा.
- मुळावरची प्रत्येक गाठ बोटाने सरकवून पाहा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला असते, सहज सुटते आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच असते, ती सुटत नाही.
- गाठी दिसल्या नाहीत, पण धुतल्यावरही मुळांना मातीचे कण चिकटून राहिले, तर रेनिफॉर्म सूत्रकृमीचा संशय धरा. त्याच्या अंडीपुंजांना माती चिकटते.
- खोडही उभे चिरून पाहा. आत तांबूस, नागमोडी पोखर असेल तर ते काम खोडमाशीचे आहे.
- मातीचा नमुना पट्ट्याच्या कडेला, अजून हिरव्या असलेल्या झाडांच्या मुळांजवळून घ्या. पूर्ण वाळलेल्या झाडाखाली सूत्रकृमी फारसे उरत नाहीत.
- 15 ते 20 सेंटिमीटर खोलीवरून 10–12 ठिकाणची माती घेऊन एकत्र करा. त्यातली अर्धा किलो माती आणि मूठभर बारीक मुळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा.
- पिशवी सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर कृषी विज्ञान केंद्रात पोहोचवा, किंवा अकोला, परभणी, राहुरी यांपैकी जवळच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.
- चिठ्ठीवर ‘सूत्रकृमी तपासणी’ असे स्पष्ट लिहा. नेहमीच्या माती परीक्षणात सूत्रकृमी मोजत नाहीत.
- बाधित पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका. काढणीनंतर जागा ओळखता येत नाही.
- त्या पट्ट्याची मळणी वेगळी करून वजन लिहून ठेवा. साऱ्या शेताच्या उताऱ्यात हे नुकसान दिसून येत नाही.
- पावसाने ओढ दिली आणि पाण्याची सोय असेल, तर शेंगा भरताना पहिले पाणी बाधित पट्ट्याला द्या.
- काढणी होताच पट्ट्यातली धसकटे मुळासकट वेचून जाळा. अंडी त्यांतच राहतात.
- रब्बीत त्या रानात ज्वारी घ्या. सगळ्या उपायांत याचा आग्रह सर्वांत जास्त धरा, कारण अन्न तुटल्याशिवाय सूत्रकृमींची संख्या उतरत नाही.
- प्रादुर्भाव फारच असेल तर त्या तुकड्यात एक हंगाम सोयाबीन थांबवा. ताग पेरून गाडा किंवा झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतली द्रव्ये सूत्रकृमींना मारक असतात.
- एप्रिल-मे महिन्यांत खोल नांगरट करा, आणि 10–15 दिवसांच्या अंतराने आणखी एकदा माती वरखाली करा. ढेकळे आतपर्यंत तापली पाहिजेत.
- पेरणीपूर्वी निंबोळी पेंड मातीत मिसळा. सगळ्या शेताला परवडत नसेल तर निदान खुंट्यांच्या आत तरी टाका.
- पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही मित्रबुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ते सावलीत ओलसर ठेवा आणि पेरणीच्या वेळी सरीत द्या.
- बीजप्रक्रियेत क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम. बियाणे सावलीत सुकवूनच पेरा.
- नांगरट-वखरणी स्वच्छ रानापासून सुरू करा आणि बाधित रानात संपवा. भाड्याचा ट्रॅक्टर असला तरी चाके आणि फाळ धुऊन घ्या.
- बांधावरची कामोणी, काटेमाठ, घोळ काढत राहा. पीक नसताना सूत्रकृमी अशा तणांवर जगतात.

काय टाळावे

- बाधित रानात सोयाबीनमागून हरभरा घेऊ नका. दोन्हींच्या मुळांवर सूत्रकृमी पोसले जातात, आणि उबदार मातीत त्यांची नवी पिढी साधारण महिन्याभरात तयार होते.
- त्या रानात तूर, मूग ही आंतरपिकेही नकोत.
- फेरपालट म्हणून टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची लावू नका. तो फेरपालट नव्हे, सूत्रकृमींना दिलेले नवे अन्न आहे.
- पाने पिवळी दिसली म्हणून युरिया ओतू नका. मुळे निकामी असतील तर दिलेले खत झाडाला मिळत नाही.
- झाड ओढून उपटू नका. बारीक मुळे आणि त्यांवरच्या गाठी जमिनीतच तुटून राहतात.
- रायझोबियमच्या गाठींना रोग समजू नका.
- केवळ पिवळेपणावरून निदान करू नका. पिवळा मोझॅक, लोहाची कमतरता आणि साचलेले पाणी यांमुळेही पाने पिवळी पडतात.
- नमुन्याची माती उन्हात वाळवू नका. तपासणीसाठी सूत्रकृमी जिवंत हवेत.
- पानांवर कीटकनाशक फवारून मुळांतले सूत्रकृमी मरतील अशी अपेक्षा ठेवू नका.
- फोरेटचे जुने, उरलेले दाणेदार औषध वापरू नका, कुणी दिले तरी घेऊ नका. ते अतिशय विषारी आहे आणि 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे.
- लेबलवर सोयाबीन आणि सूत्रकृमी असा स्पष्ट उल्लेख नसलेले कोणतेही औषध दुकानदाराच्या शब्दावर टाकू नका.
- मित्रबुरशी आणि रासायनिक बुरशीनाशक एकत्र कालवू नका.
- अमेरिकेतल्या सिस्ट सूत्रकृमीची माहिती पाहून इथे उपाय ठरवू नका. आपल्याकडे त्रास मुख्यतः गाठी करणाऱ्या आणि रेनिफॉर्म सूत्रकृमींचा आहे.
- बाधित धसकटे उकिरड्यात टाकू नका. अर्धवट कुजलेल्या खतातून ती परत शेतात येतात.
- बाधित रानातले पावसाचे पाणी बांध फोडून खालच्या शेतात सोडू नका. शेजाऱ्याचे रानही जपा.
- भाजीपाल्याच्या किंवा डाळिंबाच्या बागेतली माती सोयाबीनच्या रानात आणून टाकू नका.
- मुळे न तपासता रोपवाटिकेतली रोपे शेतात आणू नका.
- एका रब्बीच्या ज्वारीने गाठी कमी दिसल्या म्हणून खुंट्या काढू नका. पुढच्या सोयाबीनची मुळे 35 दिवसांनी पुन्हा धुऊन पाहा.