पहिली कमाई कुठे घालाल? फ्रीलान्स लेखकांसाठी खर्चाचे ४ नियम



लिखाण म्हणजे बिनभांडवली धंदा, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. आपल्याला माल भरावा लागत नाही, दुकानाचं डिपॉझिट द्यावं लागत नाही. पण त्यामुळेच गल्ला कुठून गळतोय ते कळत नाही. महिन्याला ४९९ चं एक ॲप घेतलं, तर वर्षाला ५,९८८ रुपये गेले. अशी तीन ॲप्स घेतली की बघा!

आज एक उदाहरण धरून चालू. समजा, स्वारगेटजवळ भाड्याच्या खोलीत राहणारी एक लेखिका आहे. नोकरी सोडली आहे, हाताशी २०,००० रुपये आहेत. दर शब्दाला १ रुपया, म्हणजे ८०० शब्दांच्या लेखाचे ८०० रुपये. महिन्याला सध्या ८ लेख मिळतात. तिने हे २०,००० कुठे घालायचे?

नियम १ : खर्च रुपयांत नाही, लेखांत मोजा

४८,००० चा लॅपटॉप म्हणजे ६० लेख. तिच्या वेगाने साडेसात महिन्यांची सगळी कमाई! ८,००० चा ऑनलाइन कोर्स म्हणजे १० लेख. आता स्वतःला विचारायचं, "ही वस्तू मला तेवढे जादा लेख मिळवून देणार आहे का?" उत्तर "हो" असेल तर किती महिन्यांत, तेही लिहून काढा. तारीख लिहिता येत नसेल, तर ती गरज नाही, हौस आहे. हौस करा की, पण नफ्यातून करा.

नियम २ : फुकटचं आधी पूर्ण वापरा

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड असतोच. गुगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाइप करता येतं. लिब्रेऑफिस मोफत आहे. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्ता, बालू हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत, व्यवसायासाठीही वापरता येतात. ग्राहकांशी बोलायला व्हॉट्सॲप बिझनेस मोफत, गुगलवरचं व्यवसायाचं प्रोफाइलही मोफत.

"पण सर, प्रकाशक श्रीलिपीत मागतात!" मागू देत. आधी विचारा, "युनिकोडमध्ये दिलं तर चालेल का?" बहुतेक वेळा त्यांचा डीटीपीवाला मजकूर बदलून घेतो. एका ग्राहकासाठी सॉफ्टवेअर घेऊ नका.

मग पैसे घालायचे कशावर? ज्याने रोजचा वेळ वाचतो किंवा शरीर टिकतं त्यावर. पाठीला आधार देणारी खुर्ची, चांगला कीबोर्ड, न तुटणारं इंटरनेट, आणि लिखाणाची दुसरी प्रत ठेवायला एक पेन ड्राइव्ह. खुर्ची जुनी घेतली तरी चालते.

नियम ३ : मार्केटिंगला आधी पाय, मग पैसा

स्वारगेटला राहण्याचा फायदा घ्या. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. पुढचंच स्टेशन मंडई. तिथून अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आणि लक्ष्मी रोड चालत गाठता येतो. टिळक रोडला क्लासेस, सदाशिव पेठेत प्रकाशक, गुलटेकडीला मार्केट यार्ड. या सगळ्यांना पत्रकं, माहितीपुस्तिका, वेबसाइटचा मजकूर लागतो.

गणेश कला क्रीडा मंचला प्रदर्शन भरलं की स्टॉल घेऊ नका, फक्त चक्कर मारा. स्टॉलवरची पत्रकं गोळा करून घरी आणा. ज्याचा मजकूर सगळ्यात कच्चा आहे, त्यातल्या चार ओळी सुधारून मालकाला पाठवा. चारच ओळी! सगळं पत्रक फुकट लिहून द्यायचं नाही. तुमचं काम त्याला त्याच्याच मालावर दिसतं, यापेक्षा चांगली जाहिरात नाही.

पैसे देऊन जाहिरात करायची वेळ आली, की हा हिशेब करा. समजा ३,००० रुपये घातले, ३० चौकशा आल्या, त्यातून २ ग्राहक मिळाले. एक ग्राहक १,५०० ला पडला. त्याने एकच लेख घेतला तर ८०० आले, म्हणजे ७०० चा तोटा. पण तोच ग्राहक महिन्याला २ लेख घेत राहिला, तर सहा महिन्यांत ९,६०० देतो. म्हणून लाइक मोजू नका, परत येणारे ग्राहक मोजा. आणि प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, "माझं नाव कुठून कळलं?" उत्तर वहीत लिहा.

नियम ४ : अडकलेला पैसा हाही खर्चच

काम दिलं, पैसे तीन महिन्यांनी आले. मधल्या काळात भाडं कुठून भरलं? उधारीतून. म्हणून नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि बिलावर देय तारीख लिहा.

उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे, कुणाला त्याचे पैसे देऊ नका. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. ठरलेल्या तारखेला, आणि काहीही ठरलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, ग्राहकाने पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याज लागतं. हे भांडायला वापरायचं नाही. बिलाखाली नोंदणी क्रमांक छापा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

तर मग २०,००० ची वाटणी

- १२,००० : भाडं आणि जेवणखाण. याला हात लावायचा नाही.
- ३,००० : साधनं. जुनी खुर्ची, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह.
- ३,००० : मार्केटिंग. व्हिजिटिंग कार्ड, मेट्रोचं भाडं, ग्राहकासोबतचा चहा.
- २,००० : लॅपटॉप बंद पडला तर दुरुस्तीला.

जाहिरात यात नाही, बघितलंत? ती नंतर, लिखाणाच्या कमाईतून. आधी १२,००० का बाजूला काढले? कारण खिसा रिकामा असला की माणूस ४० पैसे शब्दालाही "हो" म्हणतो, आणि एकदा दर पडला की वर न्यायला फार वेळ लागतो. राखीव पैसा तुम्हाला "नाही" म्हणायची ताकद देतो. तीच तुमची सगळ्यात मोठी गुंतवणूक.

गृहपाठ : आज रात्री मोबाइलमधली सगळी चालू सबस्क्रिप्शन्स कागदावर लिहा. प्रत्येकापुढे ते किती लेखांचं आहे तो आकडा टाका. गेल्या ३० दिवसांत जे उघडलंच नाही, ते झोपायच्या आधी बंद करा.

भेटू पुढच्या भागात. लिहीत राहा, हिशेबही लिहीत राहा!