नॅस बंद पडल्यास: घरची कागदपत्रे व फोटो परत मिळविण्याची रीत

न्यूझीलंडला येताना आपल्यापैकी पुष्कळांनी दोन बॅगा आणि कागदपत्रांची एक जाड फाईल आणली. पुढे ती फाईल फुगत गेली. व्हिसाचे कागद, घराचे कर्ज, मुलांचे जन्मदाखले, आईच्या बायपासचे रिपोर्ट, पुण्या-नाशिकच्या फ्लॅटचा करारनामा, भारतातील म्युच्युअल फंडांचे हिशेब. मग घरातील कोणीतरी उत्साहाने सारे स्कॅन केले, वीस वर्षांचे फोटो त्यात भरले आणि राऊटरशेजारी दोन किंवा चार हार्ड डिस्कची एक छोटी पेटी आणून ठेवली. घरच्या सर्व संगणकांना व फोनना नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या ह्या पेटीला 'नॅस' म्हणतात.

"एक डिस्क गेली तरी दुसरी आहे," ह्या भरवशावर ती पेटी वर्षानुवर्षे चालू राहते. एके दिवशी मात्र तांबडा दिवा लागतो आणि फोल्डर उघडत नाहीत. अशा वेळी माहिती परत मिळणार की नाही, हे पुष्कळदा पहिल्या तासाभरात आपण काय करतो, आणि विशेषतः काय करत नाही, ह्यावर ठरते. म्हणून हा पाठ.

पेटीच्या आत काय चालते?

अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात. बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या तिघांनी १९८८ साली मांडलेल्या निबंधातून हे नाव रूढ झाले. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्क जोडून काम भागवावे, हा त्यांचा विचार होता.

दोन डिस्कच्या पेटीत सहसा आरशाची पद्धत असते. जे एकीवर लिहिले जाते तेच दुसरीवर. चार डिस्कच्या पेटीत बहुधा 'रेड ५' असते. ते समजण्यासाठी एक सोपी बेरीज पाहा. तीन डिस्कवर ७, ५ आणि ८ हे आकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहिली आहे. दुसरी डिस्क गेली, तर २० मधून ७ व ८ वजा करून ५ हा आकडा परत मिळतो. प्रत्यक्षात संगणक ह्याहून वेगळे, शून्य-एकचे गणित करतो आणि ही 'बेरीज' आळीपाळीने सर्व डिस्कवर विभागून ठेवतो. पण तत्त्व हेच. ४ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर वापरायला १२ टेराबाइट मिळतात, एका डिस्कइतकी जागा ह्या बेरजेसाठी जाते.

आता दोन डिस्क एकदम गेल्या तर? दोन अज्ञात आकडे एका बेरजेतून काढता येत नाहीत. 'रेड ५' ची मर्यादा तीच. 'रेड ६' मध्ये दोन डिस्क गेल्या तरी निभावते, तिसरीला नाही.

मग सगळेच का जाते?

पहिले कारण म्हणजे दुर्लक्ष. एक डिस्क गेली तरी पेटी चालूच राहते, आणि फोल्डर उघडत आहेत म्हणून कोणी पाहत नाही. इशाऱ्याचा ईमेल जुन्या नोकरीच्या पत्त्यावर जात असतो, आणि आवाज नको म्हणून बझर बंद केलेला असतो. काही महिन्यांनी दुसरी डिस्क जाते, तेव्हा कळते.

दुसरे कारण, सर्व डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात. त्यांचे वय व वापर सारखाच. एक गेल्यावर नवी बसवली की पेटी उरलेल्या सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून नवीची भरपाई करते. हे काम कित्येक तास, मोठ्या डिस्कना दिवसभरही चालते. ह्या ताणात म्हातारी झालेली दुसरी डिस्कही मान टाकू शकते.

तिसरे कारण डिस्कशी संबंधितच नसते. चुकून पुसलेली फाईल आरशातही पुसली जाते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'माय बुक लाइव्ह' ह्या जुन्या पेट्या जगभरात इंटरनेटवरून पुसल्या गेल्या. त्यांच्यासाठी सुरक्षेची सुधारणा २०१५ पासूनच बंद झाली होती. आणि २७ जानेवारी २०२३ चा ऑकलंडचा पूर कोण विसरेल? त्या शुक्रवारी विमानतळाच्या इमारतीतही पाणी शिरले होते. जमिनीलगत ठेवलेल्या पेटीत दोन डिस्क असोत वा आठ, पुरात त्या सर्व एकदमच भिजतात.

पहिल्या तासात काय करावे?

१. पेटीवर नवीन काही लिहू नये. फोनचे आपोआप होणारे फोटो-अपलोड आधी थांबवावे.

२. पडद्यावर आलेला संदेश व दिव्यांचे रंग ह्यांचा फोटो काढावा. मग पेटी रीतसर बंद करावी. डिस्कमधून टकटक वा घासल्यासारखा आवाज येत असेल तर ती पुन्हा चालूच करू नये. दर वेळी चालू करण्याने पत्र्यांवर आणखी ओरखडे पडू शकतात.

३. डिस्क बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येकीवर जागेचा क्रमांक लिहावा: १, २, ३, ४. हा क्रम पुढे लागतो.

४. 'इनिशियलाइज', 'फॉर्मॅट', 'रिपेअर' असे विचारले तर 'नाही' म्हणावे. घरगुती नॅस बहुतांशी लिनक्स प्रणालीवर चालतात. तिची डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि तो फॉर्मॅट करण्याची तयारी दाखवतो. तेथे 'हो' दाबले की काम कितीतरी अवघड होते.

५. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, उघडून पाहणे, भिजलेली डिस्क हेअर ड्रायरने वाळवून चालू करणे हे उपाय करू नयेत. आतल्या वाचकाचे टोक पत्र्याच्या अगदी जवळून, न टेकता फिरते. धुळीचा कणही त्याला पुरतो.

६. जी डिस्क आधीच, समजा फेब्रुवारीत, बाद झाली होती आणि दुसरी ऑगस्टमध्ये गेली, तर फेब्रुवारीची डिस्क जबरदस्तीने परत जोडू नये. तिच्यावर सहा महिन्यांपूर्वीचे आकडे आहेत. जुना आकडा नव्या बेरजेत घातला की उत्तर चुकते, आणि चुकलेले उत्तर चांगल्या फायलींवर लिहिले जाऊ शकते. कोणती डिस्क कधी गेली, ही नोंद म्हणूनच महत्त्वाची.

खर्चापूर्वी एक यादी

कामाला लागण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून दोन रकाने करावेत. दुसरीकडून मिळू शकेल असे एका रकान्यात, आणि फक्त ह्याच पेटीत आहे असे दुसऱ्यात. पहिला रकाना वाटतो त्याहून मोठा निघतो.

आरोग्याच्या नोंदी: येथील डॉक्टर व रुग्णालये ह्यांना १९९६ च्या नियमांप्रमाणे रुग्णाच्या नोंदी शेवटच्या उपचारापासून किमान १० वर्षे ठेवाव्या लागतात. २०२० च्या प्रायव्हसी कायद्याने आपल्याविषयीची माहिती मागण्याचा हक्क आपल्याला आहे आणि अशा विनंतीवरचा निर्णय सामान्यतः कामाच्या २० दिवसांत कळवावा लागतो.

पैशाचे कागद: धंदा किंवा भाड्याचे घर असणाऱ्यांनी कराच्या नोंदी ७ वर्षे जपायच्या असतात, म्हणून ह्या विषयात दिरंगाई नको. बँकेकडून जुनी स्टेटमेंट मागवावीत. भरलेली विवरणपत्रे 'मायआयआर' वर पाहावीत. भारतातील म्युच्युअल फंडांचे एकत्रित स्टेटमेंट कॅम्स व केफिनटेक ह्यांच्याकडून ईमेलने येते. नोंदणी झालेल्या खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, आणि सात-बारा महाभूलेखवर पाहता येतो.

फोटो: जुने फोन, कॅमेऱ्याची कार्डे, कपाटातल्या सीडी, भावंडांना पाठवलेली व्हॉट्सअॅप चित्रे हे सारे चाळावे.

जे दुसऱ्या रकान्यात उरेल, त्याचीच किंमत करायची आहे. वडिलांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग किंवा मुलीच्या बारशाचा व्हिडिओ तेथे असेल, तर पैसे खर्चण्यात अर्थ आहे. नुसते डाउनलोड केलेले सिनेमे उरले असतील, तर एक नवी डिस्क घेऊन मोकळे व्हावे.

परत मिळविण्याची रीत

आधी बिघाड कोठे आहे हे ठरवावे. पेटीचा विजेचा अडॅप्टर किंवा आतील बोर्ड जळाला असेल तर डिस्क ठणठणीत असू शकतात. अडॅप्टर बदलून पाहणे स्वस्त आहे, मात्र तो त्याच व्होल्टचा व पुरेशा अॅम्पिअरचा हवा. बोर्ड गेला असेल तर पुष्कळदा त्याच कंपनीच्या जुळणाऱ्या पेटीत डिस्क त्याच क्रमाने बसवून काम होते. कोणते मॉडेल जुळते ते कंपनीकडून आधी खात्री करून घ्यावे.

बिघाड डिस्कमध्ये असेल, तर नियम एकच: मूळ डिस्कवर प्रयोग नाहीत. प्रथम प्रत्येक डिस्कची तंतोतंत प्रत काढायची, मग सर्व खटपट प्रतींवर. ह्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर त्यांकडे पुन्हा वळतो. त्यामुळे मरणासन्न डिस्क शेवटचा श्वास घेण्यापूर्वी जास्तीत जास्त हाती लागते. चार डिस्क ४ टेराबाइटच्या असतील तर प्रतींना १६ टेराबाइट जागा लागेल, हा खर्च धरावा.

प्रती तयार झाल्यावर लिनक्सवर त्या फक्त वाचण्यासाठी जोडतात, लिहिण्यासाठी नाही. आरशाच्या पद्धतीत एकच चांगली प्रत पुरते. 'रेड ५' मध्ये एक सोडून बाकी सर्व हव्यात. फोल्डर दिसू लागले की दुसऱ्या रकान्यातील गोष्टी सर्वांत आधी उतरवाव्यात. शेवटी फायलींची नावे पाहून समाधान मानू नये. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहावेत, कारण नाव शाबूत आणि आतला मजकूर भ्रष्ट असे होऊ शकते. पेटीवर सांकेतिक कुलूप घातलेले असेल तर पासवर्ड किंवा किल्लीची फाईल लागतेच. तिच्याशिवाय सर्व डिस्क चांगल्या असूनही उपयोग नाही.

तज्ज्ञाकडे केव्हा द्यावे?

डिस्क आवाज करते, संगणकाला दिसतच नाही, भिजली आहे, किंवा वर लिहिलेले वाचून हात थरथरतात, तर तज्ज्ञाकडेच द्यावी. ह्या कामाला शेकडो डॉलर लागतात, अनेक डिस्कच्या पेटीला हजारोंच्या घरात जाऊ शकतात. म्हणून आधी लेखी विचारावे: तपासणीला पैसे किती? काहीच न मिळाल्यास किती द्यायचे? मिळणाऱ्या फायलींची यादी पैसे भरण्यापूर्वी दाखवणार का? डिस्क देशाबाहेर पाठवणार का? काम झाल्यावर आमच्या माहितीच्या प्रतींचे काय करणार?

आणखी एक गोष्ट. १९९३ च्या कन्झ्युमर गॅरंटीज कायद्याखाली सदोष वस्तू दुकानदाराकडून दुरुस्त करून वा बदलून मागता येते. परंतु वॉरंटीत दिलेली डिस्क सहसा परत येत नाही. तिच्याबरोबर माहितीही जाते. म्हणून आधी माहिती वाचवावी, मग वॉरंटी पाहावी. घरातील सामानाच्या विम्यात माहिती परत मिळविण्याचा खर्च धरला आहे का, हेही विमा कंपनीला विचारून ठेवावे.

पुढच्यासाठी

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढीच तिची जबाबदारी. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणक केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या फायलींचे ८५८ टेराबाइटचे भांडार गेले, कारण त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. एवढ्या मोठ्या सरकारचे असे होते, तर आपण सावध असलेले बरे.

जाणकारांचा ३-२-१ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. म्हणजे एक नॅसवर, दुसरी एरवी सुटी करून कपाटात ठेवलेल्या यूएसबी डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर किंवा टाकानिनीच्या मित्राकडे. आपण त्याची ठेवायची, त्याने आपली. भारतात जाणे होईल तेव्हा एक कुलूपबंद डिस्क बहिणीकडे ठेवली तरी चालेल. पुण्यात आणि पापाकुरात एकाच दिवशी पूर येणार नाही.

तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले तरी ते लोकांच्या मुखी होते, असे आपली परंपरा सांगते. प्रती निरनिराळ्या ठिकाणी असल्या की काय होते, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि गणपतीत, एवढे करावे: बॅकअपमधून एक फोटो व एक कागद परत आणून उघडून पाहावा, पेटीच्या डिस्कची प्रकृती तपासावी, आणि इशाऱ्याचा ईमेल चालू पत्त्यावर येतो ना ते पाहावे. पासवर्ड कागदावर लिहून पासपोर्टांच्या पाकिटात ठेवावा आणि तो कोठे आहे हे घरातील आणखी एका व्यक्तीला सांगावे. पेटी ज्याने बसवली तोच आजारी पडला, तर बाकीच्यांना निदान सुरुवात कोठून करायची एवढे तरी कळेल.