फी भरण्याआधी

इंदापूर

चि. छकुलीस,


पुण्याच्या स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठाचा फॉर्म भरायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय हाताशी असताना पोरगी पुण्यात औंधला कशाला, असं आजीचं म्हणणं. शिवाय ‘तिथं बाटवतील’ ही धास्ती. आजीची समजूत मी घालतो. तू मात्र संस्था नीट समजून घे.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची ही संस्था १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, १९४२ मध्ये पुण्यात आली आणि २०१४ च्या राज्य कायद्याने खासगी विद्यापीठ झाली. शिकता शिकता हाताने काम करायचं, ही तिथली जुनी रीत. स्पायसरची बेकरी पुणेकरांना चांगली ठाऊक आहे. पसारा लहान, त्यामुळे मागच्या बाकावर दडून वर्ष काढता येईल असं समजू नकोस.

आता तुझ्या आठशे मीटरच्या शर्यतीचं. हा पंथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतो. त्या वेळात वर्ग नाहीत, सामने नाहीत. आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा शनिवार-रविवारी भरतात! आजीच्या एकादशीसारखंच समज. ती मोडायला आपण कधी सांगतो का? तिथं राहायचं तर त्यांचा शनिवारही तसाच सांभाळायचा.

एरिक लिडेलचं नाव ऐकलंयस? १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. तो रविवार पाळणारा. पळणार नाही म्हणाला. पण वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळलं होतं. तेवढ्या अवधीत त्याने चारशे मीटरची तयारी केली आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. लोक त्याच्या नकाराचं कौतुक करतात. मला त्या मधल्या महिन्यांचं जास्त वाटतं.

म्हणून आधी चार गोष्टी विचार. आंतरविद्यापीठ स्पर्धेला विद्यापीठ आपला ॲथलेटिक्सचा संघ पाठवतं का? शनिवारी शर्यत आली तर काय करतात? पळायला ट्रॅक कुठला, शिकवायला कोच कोण? मेसमध्ये अंडी मिळतात का? या पंथात शाकाहाराला मान आहे. अंडी नसतील तर मोड आलेली मटकी आणि शेंगदाण्यांवर भागवायची तयारी हवी.

एमआयडीसीच्या रस्त्यावर पहाटे पळतेस तेव्हा तुला कुणी उठवत नाही. तोच कस तिथं लागेल. प्रार्थनेला बसलीस म्हणून आपला विठोबा रुसत नाही; शांत बसावं, ऐकावं, पटेल तेवढं घ्यावं.

उत्तरं मनासारखी मिळाली नाहीत तर बिनधास्त बारामतीत शीक, त्यात कमीपणा नाही. आणि जायचं ठरलंच, तर पहिल्या शनिवारी मला रडत फोन करायचा नाही. पहिल्या सत्राच्या फीची जबाबदारी माझी.

तुझा मामा