बंदुकीचा दस्ता कापावा काय?



ऊस विकास विभागाच्या सदरात बंदुकीचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु शिरोडा भागातील पीक पाहणीत आम्हाला खतपाण्यापेक्षा रानडुकरांबद्दलच जास्त ऐकून घ्यावे लागले. रानडुक्कर खाते थोडे आणि लोळवते फार. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांत आहे, बहुतेक ठिकाणी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची.

शिरोड्याचे एक सभासद बांधावरच आम्हाला म्हणाले, "सायबानू, बंदूक चुकता की मीच चुकतंय, ताच कळना नाय." नेम लागत नाही म्हणून दस्ता दोन इंच कापून घ्यायचे त्यांनी ठरवले होते, आणि तेही शेजारच्या सुताराकडून! त्यांना आम्ही दोन दिवस थांबायला सांगितले.

सुतार कितीही हुशार असो, शस्त्र दुरुस्तीचा परवाना नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक देणे १९५९ च्या शस्त्र कायद्यात बसत नाही. काम परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच करावे. नळी आखूड करण्याचा तर विचारही नको, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडील बारा बोअर बंदुकीला पुढे फक्त माशी असते, मागे खाच नसते. मागची खाच म्हणजे आपला डोळा. तो कुठे येणार हे दस्ता ठरवतो. गाल टेकतो तो दस्त्याचा माथा उंच असेल तर डोळा वर जातो आणि मार वर बसतो. माथा खाली असेल तर मार खाली. उजव्या हाताने मारणाऱ्याला दस्ता जाड पडला तर डोळा डावीकडे सरकतो व मारही डावीकडे जातो.

फरक किती पडतो? डोळ्यापासून माशीचे अंतर सुमारे तीन फूट धरा. शंभर फूट म्हणजे त्याच्या तेहेतीस पट. डोळा एक सूत चुकला तर तिथे मार तेहेतीस सूत, म्हणजे चार इंचांहून जास्त चुकतो. बारीक छर्र्यांत हे झाकून जाते. एकच गोळी किंवा मोजके मोठे छर्रे असले की डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर उसात शिरते, आणि त्याच फडात सकाळी तोडणीची टोळी उतरते, बायामाणसांसह. आम्ही हा लेख लिहितो तो मुख्यतः याच कारणाने.

म्हणून दस्त्याला हात लावण्याआधी कागदावर तपासणी करावी. पोलीस ठाण्याला आधी कळवावे. मागे मातीचा उंच बांध हवा आणि पलीकडे वस्ती अगर वाट नको. पंचवीस पावलांवर मोठा कागद लावून मधोमध काळा ठिपका काढावा. बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवून, सावकाश नेम धरून तीन बार काढावेत. नंतर नव्या कागदावर उभे राहून, शेतात मारतो तसे झटकन खांद्याला लावून तीन. काडतुसे एकाच जातीची हवीत.

पोत्यावरूनच मार बाजूला जात असेल तर दोष नळीत, माशीत किंवा काडतुसात आहे. दस्ता कापून काही होणार नाही. पोत्यावरून ठिपक्यावर आणि उभ्याने तिन्ही बार एकाच बाजूला गेले, तर दस्ता अंगाला बसत नाही असे समजावे. उभ्याने एक इकडे, एक तिकडे असे झाले तर राग मानू नका, सराव कमी आहे किंवा चाप ओढताना डोळे मिटतात.

दस्ता बसत नाही असे ठरले तरी आधी भर घालावी. आखूड दस्त्यावर रबरी टोपी चढवावी, खाली पडणाऱ्या माथ्यावर चामड्याची पट्टी बांधावी. नको वाटले की काढून टाकता येते. कापलेले लाकूड परत जोडून घेता येते, पण पहिल्यासारखे होत नाही. आणि मापे घ्यायची ती माळ्यावर बसताना जे अंगावर असते ते घालूनच. घोंगडी पांघरली की दस्ता अर्धा इंच लांब झाल्यासारखाच!

थोड्या सभासदांकडे ईशापूरची .३१५ रायफल आहे. तिला मागे खाच असल्याने वरचे गणित जसेच्या तसे लागू नाही. तिथे खोड काढतो तो आपला दमट समुद्रवारा. पावसाळ्यात लाकूड आडवे फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि नळीवरचा दाब बदलून मार सरकतो. पावसाळा संपल्यावर दस्त्याचा बोल्ट जाणकाराकडून तपासून घ्यावा. कानस घेऊन नळीखालचे लाकूड घासू नये. ठासणीच्या बंदुकीबद्दल एवढेच की, आहे तशी राहू द्या.

वरील सभासदांचे काय झाले? पोत्यावरून तिन्ही बार ठिपक्याभोवती लागले. उभ्याने तिन्ही वीतभर वर! बंदूक वडिलांची, वडील धिप्पाड, हे अंगाने लहान. दस्ता काखेत अडकायचा आणि माशी दिसावी म्हणून ते मान उचलायचे. म्हणजे कापण्याची गरज होतीच. आमचा "आधी भर घाला" हा सल्ला इथे लागू पडला नाही. पण दोन इंच नव्हे, अर्धा इंच. घोंगडीसह माप घेऊनच तेवढे ठरले. परवानाधारकाने कापलेली चकती त्यांनी कागदात गुंडाळून ठेवली आहे. पुन्हा कागद लावला तेव्हा उभ्यानेही मार ठिपक्यावर आला.

डुक्कर मात्र त्यांनी अद्याप मारलेले नाही, आणि ते योग्यच आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाल्यापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला उपद्रव होत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. त्यांनी अर्ज दिला आहे व नुकसानीचा पंचनामाही करून घेतला आहे. तोवर हुसकावण्यावर भागवावे लागेल.

उसाच्या पानांत काही हलले म्हणून बार काढणे कोणत्याही परवान्यात बसत नाही. डुक्कर समजून माणूस मारल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचतोच. टोळीच्या खोपी फडाला लागून असतील त्या रात्री बंदूक घरातच, काडतुसे काढून ठेवावी. टोळी कोणत्या दिवशी कोणत्या गटात उतरणार हे गट कार्यालयात आदल्या दिवशी कळते, ते विचारून घ्यावे.